बांध कुणी सरकवला

कुंपण घालण्याआधी हणमंतने तालुक्याहून ड्रोनवाल्या तांबोळीबाई बोलावल्या. त्यांचा ड्रोन माती हुंगून कोणत्या साली बांध कुठे होता ते सांगायचा. थोरल्या अण्णांनी बांध कोरून कोरून आपलं, म्हणजे धाकट्या भावाचं, रान खाल्लं, हे हणमंतला भावकीपुढे सिद्ध करायचं होतं.

ड्रोन उतरला. बाईंनी पडद्यावरच्या रेघा पाहिल्या.

“बांध दरसाल चार बोटं सरकलाय. पण अण्णांच्या रानात.”

सगळे हणमंतकडे बघू लागले.

“आईशप्पथ, मी नाही!”

“मीच सरकवायचो,” अण्णा पुटपुटले. “वाटणीत तुला खडकाळ भाग आला. सरळ दिलं असतं, तर घेतलं असतंस?”

हणमंत तांबोळीबाईंकडे वळला.

“बाई, मशीन बिघडलंय तुमचं,” तो म्हणाला, आणि कुंपणाचे खांब परत ट्रॉलीत भरू लागला.