पडद्यावरची उत्तरं

लंडनच्या साऱ्या वकिली फर्मनी नाकारल्यावर टेसाला लीड्समधली एकच फर्म उरली होती. मुलाखत व्हिडिओवर, समोर माणूस नाही, लॅपटॉपच्या पडद्यावर प्रश्न आणि आपलाच चेहरा. वर कोट, खाली पायजमा अशी तिची तालीम चालायची.

“स्वतःला काय न्याहाळतेस बाई? कॅमेऱ्याकडे बघ,” आई म्हणायची.

प्रत्यक्ष मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला टेसाची बोबडी वळली. पडद्यावरची टेसा मात्र घडाघडा उत्तरं देत राहिली. हिने ओठ मिटून घेतले. चालत्या गाडीला खीळ कशाला घाला?

शुक्रवारी फोन आला. “प्रशिक्षणार्थी सॉलिसिटर म्हणून तुमची निवड झाली आहे.”

“लंडनवाल्यांनो, बसा आता बोंबलत,” आई म्हणाली.

टेसा आभार मानायला तोंड उघडणार, तोच आभार मानून झाले होते. आवाज तिचाच होता, पण बंद लॅपटॉपमधून आलेला. आई अभिमानाने तिकडेच बघत होती.