नानांचा ऑस्कर

"नाना, हा मासा परत करून या," सासऱ्यांच्या हातातली पाण्याची पिशवी पाहून सुनेत्रा वैतागली. आपल्या पाच फुटी फिशटँकमध्ये कोणत्या झाडांत कोणते मासे सुखानं नांदतील, याचा तिनं महिनोन्‌महिने विचार केला होता. मागच्या आठवड्यात नानांनी आणलेल्या गोल्डफिशनं निम्मी झाडं कुरतडली. आणि आता हा ऑस्कर जातीचा दांडगा मासा, तिच्या इवल्या निऑन माशांना गिळून टाकणारा.

"दुकानात एकटाच ठेवला होता गं. कुणाशी पटत नाही म्हणे," नाना ओशाळून म्हणाले. "मी काचेपाशी गेलो, तसा लगेच जवळ आला. इथं दिवसभर माझ्याकडे कोण बघतं?"

सुनेत्रानं तणतणतच जाळी घेतली, सगळे निऑन पकडले आणि शेजाऱ्यांच्या टँकसाठी देऊन आली. तोवर नानांनी ऑस्करला पाण्यात सोडलं होतं आणि ते त्याला मुरुडला बुडालेल्या होडीची गोष्ट सांगत होते. तीच गोष्ट ती वर्षभर "नंतर सांगा" म्हणून टाळत आली होती.

तिनं खुर्ची ओढली. "जरा मोठ्यानं सांगा," ती करवादली, "मलाही ऐकायचीय."