दीदी शिक्षा देते

"दीदी शिक्षा देते," राधिका म्हणाली आणि घास गालातच धरून बसली.

अंजनाबाईंचा हात ताटावरच थांबला. नात चार वर्षांची. रायपुरातल्या भनपुरीच्या त्या प्ले स्कूलमध्ये जायला लागल्यापासून पोरीचं काहीतरी बिनसलं होतं. अंथरूण ओलं करायची. न्हाणीत दिवा लावल्याशिवाय पाय टाकायची नाही. आणि आता हे.

"काहून देते शिक्षा? काय केलं तू?"

"मी काहीच नाही केलं. कम्प्युटरवर चुकलं की देते. अंधार करते. मग दार लागते." राधिकाने दाराकडे पाहून आवाज आणखी खाली नेला. "आजी, हळू बोल ना."

अंजनाबाईंनी ताट बाजूला सारून तिला जवळ ओढलं.

संध्याकाळी सून भावना घरी आली, तेव्हा तिने सगळं उडवूनच लावलं. "पोट्ट्यायचं काय मनावर घेता, आई? गेम आहे तो. कोडं सुटलं की ससा एक दार ओलांडते. त्यातच आकार, रंग, गिनती सगळं शिकून राहिले ते. का रे बेटा, गेम अच्छा है ना?"

"अच्छा है," राधिका मान खाली घालून म्हणाली.

"पाहा! आणि तिले घरी ठेवलं तर मी ड्युटीले कशी जाऊ?"

तेही खरंच होतं. अंजनाबाईंच्या गुडघ्यांत पोरीमागे धावायचं बळ उरलं नव्हतं. पण मन काही मानेना. राधिका आईशी हिंदीत बोले, टीव्हीशी हिंदीत भांडे, बाहुलीलाही हिंदीतच झोपवी. आजीशी बोलायचं तर मराठीतच, हा मात्र घरचा कायदा. हिंदीत हाक आली की अंजनाबाई ठार बहिऱ्या होत. त्यामुळे पोरगी मनातलं सांगायची ते आजीलाच, आणि आजीने ऐकून न ऐकल्यासारखं करायचं तर मग आजी कशाला म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी ऑटोवाल्याला नको म्हणून त्या स्वतःच नातीला आणायला गेल्या. पोहोचायला उशीर झाला. बाकीची मुलं निघून गेली होती. भिंतींवर ससेच ससे रंगवलेले होते, अगदी जिन्याखालच्या बुटक्या दारावरसुद्धा एक. राधिका बाकावर हाताची घडी घालून बसली होती. आजीला पाहताच ती उठली आणि तिने पदर मुठीत धरला. त्या मुठीला घाम सुटला होता.

शिकवणारी चित्रा दीदी तरुण होती, हसतमुख होती. अंजनाबाई भांडायच्या तयारीनेच आल्या होत्या.

"मॅडम, लेकराले शिक्षा कायची देता तुम्ही? चार वर्षांची आहे पोरगी!"

चित्रा दीदी क्षणभर पांढरी पडली. मग एकदम खळखळून हसली. "अरे आंटी, शिक्षा तो देते ही हैं! उसी की तो फीस लेते हैं. शिक्षा, मतलब पढ़ाई!"

अंजनाबाईंनी जीभ चावली. सारा जन्म रायपुरात गेला, आणि हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, एवढं ऐन वेळी आठवू नये!

"हव, पण ते अंधार करणं?" त्यांनी उगाच नेट धरला.

"आइए, दिखाती हूँ."

चित्रा दीदीने खिडकीचा पडदा ओढला, दिवा मालवला. कम्प्युटरवरचं चित्र कसं उठून दिसलं. हिरव्या डोंगरात एक गुहा होती. ससा आत शिरला. समोर एक गोल खळगा आणि तीन दगड आले, गोल, चौकोनी, तिकोनी. दीदीने मुद्दाम चुकीचा उचलला आणि गुहेचं दार धाडकन लागलं.

"लो, दरवाज़ा भी लग गया!"

ससा आतून दार ठोकू लागला. ठक, ठक. दीदीने गोल दगड गोल खळग्यात बसवला. दार उघडलं, ससा उड्या मारत बाहेर आला, गाणं सुरू झालं. दीदीने आवाज वाढवला.

अंजनाबाई पोटभर हसल्या. शिक्षा, अंधार, दार, तिन्हींचा उलगडा झाला होता. डोक्यावरून मणाचं ओझं उतरलं. ससा आता मजेत गाजर खात होता, तरी गाण्याच्या मागे ते ठक, ठक चालूच होतं. चित्र पुढे आणि आवाज मागे, स्वस्तातला कम्प्युटर असणार, असं त्यांना वाटून गेलं. राधिका मात्र कम्प्युटरकडे पाहतच नव्हती. ती आजीच्या पाठीला चिकटून उभी होती.

निघताना त्यांना खुंटीवर एक निळं दप्तर दिसलं. "हे कोणाचं राहिलं?"

"विकी का है. रोज कुछ न कुछ भूल जाता है," दीदी म्हणाली. ती फाटकापर्यंत सोडायला आली, ऑटोही तिनेच थांबवला. ऑटो वळेपर्यंत ती हात हलवत उभी होती.

"बावळटच मी," अंजनाबाई नातीला कुशीत घेत म्हणाल्या. "रात्रभर डोळ्याले डोळा नाही लागला माझ्या. तू आपली हिंदीतली शिक्षा सांगून राहिली, आणि मी मराठीतली समजून बसली!"

राधिकाने मागे वळून पाहिलं. फाटक दिसेनासं झालं होतं. तेव्हा कुठे तिने आजीच्या कानाला तोंड लावलं.

"तुझ्याशी मी मराठीतच बोलते ना, आजी? ससा निघाला. विकी आतच आहे."