उन्हावरचा गंधार

आईचं गाणं लेकीला आठवत होतं ते चार वर्षांची असतानाचं. भांडी विसळताना आई गायची. नळ बंद झाला तरी गाणं वाहत राहायचं. मग कधीतरी तेही बंद झालं. आईने गाणं सोडलं असं कुणी बोललं नाही. खिडकीपुढे कपाट सरकवावं आणि तिथे खिडकी होती हेच घर विसरून जावं, तसं झालं.

माळा आवरताना आईच्या गाण्याची कॅसेट सापडली नसती, तर आज तिघं या स्टुडिओत आली नसती. लेक, आई आणि बाबा. बाबांनी जन्मभर लोकांच्या बाजाच्या पेट्या दुरुस्त केल्या. सगळे त्यांना सुरांचा डॉक्टर म्हणत.

रेकॉर्डिस्टने पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. "ही निळी म्हणजे काकांची पेटी. पिवळी म्हणजे मावशींचा आवाज. मशीनने दोघींना वेगळं काढलंय. सगळीकडे हातात हात घालून चालतात. फक्त 'ऊन' आलं की आवाज खाली राहतो."

त्याने कॅसेटवरचं जसंच्या तसं लावलं.

दारी आलं कवळं ऊन, त्याला बसाया देऊ काय...

"ऐकू आलं," आई म्हणाली. "तेव्हाही आलं होतं."

"तेव्हा म्हणजे?" लेकीने विचारलं.

"भरलं त्याच संध्याकाळी. फीत मागे फिरवून ऐकलं. हे म्हणाले, 'ऊन'वर गंधार उतरतोय तुझा. म्हटलं, मग उगाच लोकांच्या कानांना कशाला शिक्षा?" आई हसली. "घरातच डॉक्टर. दुसऱ्याला दाखवायची सोय नाही."

बाबा चष्म्याची काडी उघडत होते, मिटत होते.

"एकच नवल वाटतं," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "पाच ठिकाणी हा गंधार येतो आणि पाचही ठिकाणी तेवढाच उतरलाय. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. चुकणारा माणूस इतका नेमका चुकत नाही. पण असो. पेटीची पट्टी दाबली की ठरलेलाच सूर येणार, तिथे कसली चूक? म्हणून मावशींनाच वर ओढलं. ऐका."

पिवळी रेघ निळीवर जाऊन निजली. पाचही वेळा. आवाज गुळगुळीत झाला होता, कुठे अडत नव्हता. आईने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते, पण आवाज करत नव्हते.

"काका, तुमच्यासारखा कान कुणाचा? बसला का?"

बाबांनी घसा साफ केला. "पेटीला बसला."

"असं गायला हवं होतं मी," आई म्हणाली.

लेकीने तिचा हात धरला. यासाठीच तर तिला आणलं होतं. एकदा तरी आईने आपलं गाणं बिनचूक ऐकावं, आणि मनातला तो जुना काटा निघावा. पण हातात आलेला हात गारच होता.

"जुनं ठेवायचं का?" रेकॉर्डिस्टने विचारलं. "की फक्त हे नवीनच ठेवू? फीत तर झिजलीय, ती काही पुन्हा वाजायची नाही. मूळ गाणं आता एवढंच, या मशीनमध्ये."

"पुसा," आई म्हणाली. "नातवंडांनी ऐकायचं तर धड असलेलं ऐकू दे."

त्याचं बोट बटणाकडे गेलं.

"पुसू नका," बाबा म्हणाले.

"अहो, असू दे ना. बेसूर ते बेसूर. लोणच्यासारखं मुरवून काय गोड होणारे?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते रेकॉर्डिस्टला म्हणाले, "हिचा आवाज बाजूला काढ. नुसती पेटी लाव. आता हा 'ऊन'वरचा गंधार, आणि शेवटाला वरच्या सप्तकातला आहे, तो. एकापाठोपाठ एक."

त्याने लावले. लेकीला गाण्यातलं काही कळत नव्हतं, तरी एवढं तिलाही कळलं की या दोघांचं नातं जुळत नाही. वरचा जिथल्या तिथे होता. खालचा टाचा उंचावून उभा होता.

रेकॉर्डिस्टने पुन्हा एकदा लावून पाहिलं. मग पुसायच्या बटणापासून हात मागे घेतला.

आई नवऱ्याकडे बघत होती. बाबा पडद्यावरच्या निळ्या रेघेकडे.

"पेटीचाच गंधार चढलेला होता," ते म्हणाले. "तुझा गंधार बरोबर होता. दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली तेव्हा कळलं. त्या पट्टीखालचा पितळी सूर घासून आणला जागेवर. तू चहा घेऊन आलीस, विचारलंस, काय झालं हो पेटीला? मी म्हटलं, काही नाही. धूळ होती."