अर्थची वायर

दीर फाटकाशी भंगारवाल्याचा ट्रक लावून आत आला तेव्हा ती जीपच्या डॅशबोर्डखाली उताणी पडली होती. बाहेर दिसत होते ते फक्त तिचे पाय आणि एक पक्कड.

"वहिनी," त्यानं पायांनाच विचारलं, "आज गाडी उचलायची ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं," आतून आवाज आला. "ती पिवळी टेप द्या जरा इकडे."

दिरानं टेप दिली. दिल्यावर स्वतःवरच चिडला. त्याच्यामागून आलेल्या भंगारवाल्यानं जीपला एक फेरी मारली, पत्र्यावर टिचकी वाजवून पाहिली. दगडधोंड्यांच्या वाटा तुडवलेली जुनी, चारही चाकांनी ओढणारी जीप. पत्रा अजून खणखणीत होता. कोपऱ्यात जुन्या वायरींचा जुडगा पडला होता, उंदरांनी कुरतडलेला, मधे मधे वितळून एकजीव झालेला. नव्या वायरी बॉनेटपासून मागच्या दिव्यांपर्यंत गेल्या होत्या. जोड पक्के होते. टेपचे रंग मात्र हाताला लागतील तसे.

व्हरांड्यात तिचा नवरा बसला होता. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याची हयात गेली होती. अर्धांगवायूनं उजवी बाजू लुळी पडली तेव्हापासून तो जीपकडे पाठ करूनच बसे.

"दादा, तू तरी सांग हिला," दीर म्हणाला.

"सांगून झालं. देऊन टाक म्हटलं," नवरा भिंतीकडे बघत बोलला. जीभ जड होती, पण शब्द कळत होते. "ऐकतंय कोण?"

ती सरकत बाहेर आली. कपाळावर काळा फराटा, केसांत वायरींच्या साली.

"ठेवून करणार काय, वहिनी? चालवणार कोण आता?"

"का? इतकी वर्षं बाजारातून पोती कोण आणत होतं? तुम्ही?"

भंगारवाला उगाचच खाकरला.

"चालवणं वेगळं आणि वायरिंग वेगळं. आग लागली तर?"

"लागली तर आधी मी पेटेन. तुम्ही जरा लांब उभे राहा."

तिनं बॅटरीची टोकं आवळली, आत बसली आणि चावी फिरवली. नुसतंच 'टक्' झालं. दिवे लावले तर मेणबत्तीएवढे मिणमिणले. हॉर्न दाबला तर तेही विझत आले.

"झाली हौस?" दीर म्हणाला. त्याच्या आवाजात खरं तर कळवळा होता, आणि तोच तिला जास्त लागला.

"ट्रक उभा ठेवायचा तर ठेवा, न्यायचा तर न्या," ती उतरत म्हणाली. "चूक सापडेपर्यंत मी हलत नाही."

तिनं पुन्हा पहिल्या जोडापासून सुरुवात केली. एकेक टेप सोडायची, वायर ओढून बघायची, पुन्हा गुंडाळायची. दीर ओट्यावर टेकला.

"रंगावर बसवलीस," भिंतीकडून आवाज आला.

"काय?"

"अर्थची वायर, बॅटरीतून चॅसीला जाते ती. चॅसीला रंग दिलायस, आणि त्या रंगावरच आवळलीस."

"तुम्ही गाडी देऊन टाकलीत ना? मग मध्ये बोलू नका."

नवरा कडाडला, "अगं, रंगातून करंट जातो का कधी? घास तो! लखलखीत पत्रा दिसेपर्यंत घास!"

"एवढं कळतंय तर या, आणि घासा."

"वहिनी, भलतंच काय!" दीर उठलाच. "त्याला जमणार आहे का ते?"

मागे खुर्ची करकरली. नवरा काठीवर भार टाकून उभा राहत होता. दीर आधाराला धावला.

"सोड."

लुळा पाय ओढत तो जीपपाशी आला. तिनं बादली पालथी घातली. तो बादलीवर बसला, खांदा मडगार्डला टेकवला आणि डाव्या हातात पॉलिश पेपर घेतला. दोनचार हात मारले तोच कागद निसटून खाली पडला. तिचा हात पुढे झालाच होता. तिनं तो दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. दिरानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती कुणी दुष्ट बाई. नवरा वाकला, चाचपडला, कागद उचलला आणि पुन्हा घासू लागला. घाम हनुवटीवरून ठिबकत होता. रंगाखालून रुपयाएवढा पत्रा उजळला.

"आता आवळ."

तिनं नट आवळला. त्यानं पाना मागून घेतला आणि डाव्या हातानं अजून अर्धा फेरा दिला.

या वेळी चावी फिरवली तशी जीप खोकली, हिसका मारून थरथरली आणि धडधडू लागली. धुराच्या लोटात दीर दोन पावलं मागे सरला. नवरा दाराला धरून डाव्या सीटवर चढत होता. बऱ्याच खटपटीनंतर बसला. कुणी हात दिला नाही. त्यानं मागितला नाही.

"भाऊजी, ट्रक मागे घ्यायला सांगा."

"पण निघालात कुठे?"

"ते अजून ठरलं नाही."

नवऱ्यानं डावा हात लांबवून दिव्यांचं बटण ओढलं. रणरणत्या उन्हात दोन्ही दिवे लागले.

"दादा, दिवसाढवळ्या दिवे कशाला?"

"मला दिसतंय रे," तो म्हणाला. "ट्रकला दिसू दे."

भंगारवाला कधीच ट्रकमध्ये जाऊन बसला होता. ट्रक हळूहळू मागे सरकू लागला.