पिठलं सहा, होडी एक

शालूबाईंचा फोन टपरीच्या खांबाच्या खिळ्याला टांगलेला होता. अख्ख्या लोहगडवाडीत रेंज म्हणून जी काही चीज होती, ती त्या खिळ्यापाशीच यायची. खिळ्याखाली त्यांची लेक सारिका उभी होती आणि फोन वाजायची वाट बघत होती. आल्यापासून ती एकदाही बसली नव्हती.

"वाजला का?" चुलीपाशी भाकरी थापत शालूबाईंनी विचारलं.

"नाही."

"आगं, पिठलं टाकू का नगं, तेवढं तरी सांग."

टपरीसमोरच्या दगडावर बजरंगआबा पक्कड घेऊन बसले होते. वाडीतल्या आठ टपऱ्यांचे ते न नेमलेले पुढारी. खाली भाजे गावाच्या वाटेवर सारिकानं एक बोर्ड ठोकला होता: चढता चढता मोबाइलवर जेवण सांगा, वर आल्यावर गरम मिळेल. दोन रविवार गेले, एक ऑर्डर नाही. गडावर जाणारे लोक खाली वेबसाइट उघडायचे, निम्म्या चढात रेंज जायची आणि पान पांढरंफटक पडायचं. आजचा रविवारही कोरडा गेला तर बोर्डाचे खिळे उपसायचे, असं आठही टपऱ्यांचं ठरलं होतं. पक्कड त्यासाठीच होती.

"धा वाजंस्तवर बघू," आबा म्हणाले. "मंग आमी आपलं हाका मारून गिऱ्हाईक बोलवू. हाकंला रेंज लागत न्हाई."

लोणावळ्याहून मुद्दाम गंमत बघायला आलेला मुकुल हसला. तो तळेगावात सारिकाच्याच ऑफिसात वेबसाइट बनवायचा. आईच्या टपरीसाठी सारिकानं एक साचा केला होता. नाव आणि पदार्थ बदलले की कुणाचीही वेबसाइट उभी राहील असं टेम्प्लेट. ते तिनं वेबसाइटवाल्यांच्या ग्रुपवर सगळ्यांना फुकट देऊन टाकलं, तेव्हा मुकुलनं तिला वेड्यात काढलं होतं. फुकटची वस्तू लोक नेतात आणि विसरतात, असं त्याचं म्हणणं. शालूबाईंना तर यात विचार करण्यासारखं काय आहे तेच कळलं नव्हतं. त्यांचा पितळी सोऱ्या दर दिवाळीला आठ घरं फिरतो आणि कधीच रिकामा परत येत नाही. वर चार चकल्या ठेवूनच येतो.

आणि आज सकाळी साचा खरंच परत आला होता. मालवणच्या अनघा नावाच्या मुलीनं तो वडिलांच्या होड्यांसाठी नेला होता. खाडीतही रेंज जाते, म्हणून तिनं त्यात एक सोय करून पाठवली. एकदा उघडलेलं पान फोनमध्येच राहतं, ऑर्डर दाबली की दबा धरून बसते आणि रेंज लागली की आपली आपण निघते. ते वाचून सारिकाला नाचावंसंच वाटलं. घाईघाईत अनघाच्या यादीच्या जागी आईचे पदार्थ टाकून तिनं साचा वेबसाइटवर चढवला आणि तशीच गाडीला किक मारून वाडीवर आली.

"पावनेधा," आबा उठले.

फोन वाजला.

सारिकानं तो खिळ्यावरून काढला नाही. काढला आणि रेंज गेली तर? टाचा उंचावून तिनं तिथल्या तिथंच वाचलं.

"पिठलं-भाकरी सहा," ती म्हणाली. तिचा आवाज भलताच चढला होता. "ताक सहा. आई, पिठलं टाक!" मग ती अडखळली. "होडी एक."

"काय एक?" आबांनी विचारलं.

"होडी."

आबांनी गडाकडं बघितलं, मग खाली दरीत बघितलं. मुकुल पोट धरून हसत बाकावर बसला. सारिका कानापर्यंत लाल झाली. अनघाच्या यादीतली शेवटची ओळ पुसायची राहून गेली होती.

पिठल्याला उकळी आली तोवर घामानं निथळणारी सहा पोरं टपरीत शिरली. "मावशी, ती ऑर्डर आमची," त्यातला एक म्हणाला. "होडी कुठून सुटते? पवना धरणाचं पाणी दिसलं, म्हटलं असेल."

"ऑर्डर दिली तेव्हा तुम्ही कुठे होता?" सारिकानं घाईनं विचारलं.

"निम्म्या चढात. रेंज नव्हतीच. सहज दाबून बघितलं, तर वरच्या वळणावर जराशी रेंज लागली आणि आपोआप गेली."

सारिका मटकन खाली बसली. चाललं होतं. आईचं चाललं होतं, म्हणजे आठही टपऱ्यांचं चालणार होतं, आणि ज्यानं ज्यानं साचा नेला त्या सगळ्यांचं चालणार होतं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मुकुलनं आपल्या ताकाचा पेला तिच्यापुढं सरकवला.

आबांनी पक्कड बंडीच्या खिशात घातली. "आमच्या पानावर बी होडी यील का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही हो आबा, चूक झालीय ती. आत्ता काढते." ती उठली आणि खिळ्याकडं गेली.

"आन् ती होडी हाय कुनाची?" शालूबाईंनी भाकरी तव्यावर टाकत विचारलं.

"अनघाची. तिनं साचा नेला होता ना, तो दुरुस्त करून परत पाठवला. त्यातच राहिली."

शालूबाई चुलीपासून उठल्या. मग पिठाच्या हातानंच त्यांनी लेकीचा हात फोनवरून बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे आजच्या दिस," त्या म्हणाल्या. "सोऱ्यावरची चकली हाय ती."