लेकीच्या वाट्याचं दुखणं

हेमलता सकाळी उठली तीच डोकं धरून. पोटात ढवळत होतं, शेजारचा कुकर कवटीत शिट्ट्या मारत होता.

नवरा म्हणाला, "अगं, ही तर प्यायल्याची लक्षणं!"

"मी? सोलकढीपलीकडे जन्मात काही प्यायलेय का?"

बोलता बोलता तिचा हात कानामागच्या चकतीकडे गेला. शर्वरीला दात येत होते तेव्हा दवाखान्यात दोघी मायलेकींना ती बसवली होती. चकती फिरवून आईनं लेकीचं दुखणं हवं तेवढं स्वतःकडे घ्यायचं. हेमलतानं सगळंच घेतलं, आणि लेक कॉलेजात गेली तरी चकती हलवली नाही.

शर्वरी शीळ घालत आली. "आई, पोहे?"

"काल पार्टीत काय प्यायलीस?"

"सरबत."

"तुझं सरबत मला चांगलंच चढलंय गं."

शर्वरीचा चेहरा उतरला. "सगळ्यांना त्रास व्हायला लागला. मला काहीच होईना, म्हणून मी पीतच राहिले. आई, दुखतं म्हणजे कसं गं?"

हेमलताच्या काळजात चर्र झालं. तिनं चकती हळूच मागे फिरवली. शर्वरीनं कपाळ धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ओरडली, "आई गं!"

"एवढं तुझं," तिला कुशीत घेत हेमलता म्हणाली. "निम्मं अजून माझ्याकडेच आहे. बस, दोघींना लिंबूपाणी करते."